ओटीपी कोणालाही न सांगता पैसे कसे गेले?

वाचकाचे पत्र

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले असून सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी आईसोबत राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मी नोकरीमुळे पुण्यात असतो. गेल्या आठवड्यात अण्णांच्या एका जुन्या सहकारी गुरुजींच्या नंबरवरून त्यांना व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली. आपल्या दुचाकीवर दंड झाला असेल असे वाटून त्यांनी ती उघडली. एक रुपया भरून खात्री करा असे सांगणारे पान आले, तेथे त्यांनी डेबिट कार्डाचा तपशील भरला आणि पुढे काहीच होईना म्हणून फोन बाजूला ठेवला. दोन दिवसांत तीन वेळा मिळून खात्यातून ८६,००० रुपये गेले. ओटीपी कोणालाही सांगितला नाही, असे अण्णा परत परत सांगतात. शाखेत गेल्यावर कार्ड बंद करून मिळाले, पण “तुम्हीच काहीतरी दाबले असणार” असे म्हणत लेखी काहीही घेतले नाही. मधल्या काळात अण्णांच्या नंबरवरून तीच फाइल नातेवाइकांना आणि माजी विद्यार्थ्यांना गेली. तेव्हापासून ते कोणाशी धड बोलत नाहीत, फोन बंद करून कपाटात ठेवला आहे. मेहुणे म्हणतात की अँड्रॉइड सगळ्यांना खुले असल्यामुळे असुरक्षितच असते, तेव्हा आयफोन घ्या, नाहीतर बटणांचा साधा फोन द्या. आज या घटनेला सहा दिवस झाले. मी काय करावे?

— एक वाचक, पुणे

उत्तर

सस्नेह नमस्कार.

फोन कोणता घ्यावा, हा प्रश्न तुमच्या पत्रात आहे. त्या प्रश्नाकडे मी येतोच, परंतु तुमच्या पत्रातून एक गोष्ट दिसते की तक्रार अजून कागदावर आलेलीच नाही, आणि ते काम आज व्हायला हवे. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करून आणि केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर माहिती भरून तक्रार नोंदवा. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या आणि तिसऱ्या खात्यात फिरत असतानाच मधल्या बँकांना कळवून ते गोठवता यावेत, यासाठी ही यंत्रणा २०२१ मध्ये उभी करण्यात आली. त्यामुळे तिचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत होतो आणि सहा दिवसांनंतर सगळी रक्कम सापडेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. तरीही तक्रार कराच, कारण तक्रार क्रमांक हातात असल्याशिवाय बँकेशी आणि पोलिसांशी पुढचे कोणतेही बोलणे नीट होत नाही.

दुसरे काम म्हणजे बँकेला पत्र द्यायचे. व्यवहारांच्या तारखा, वेळा आणि संदर्भ क्रमांक लिहा, शाखेत पहिल्यांदा तोंडी कळवले तो दिवस लिहा, कार्ड बंद केल्याचा एसएमएस जोडा आणि पोच घ्या. शाखा पोच देत नसेल तर बँकेच्या तक्रार निवारण विभागाला ई-मेल करा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवून दिलेले आहे. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा प्रकरणी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याच्यावर काहीही बोजा येत नाही, आणि चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर तो मर्यादित राहतो. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तर मात्र कळवण्याआधीचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. तुमची बँक निष्काळजीपणाचाच मुद्दा पुढे करणार हे उघड आहे, आणि कार्डाचा तपशील भरलेला असल्याने तो मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे, म्हणून ‘तुम्हीच काहीतरी दाबले असणार’ या तोंडी वाक्यावर प्रकरण संपत नाही. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

आता कपाटातल्या फोनविषयी. तो तसाच सुरू करू नका. आधी सिम कार्ड काढून बटणांच्या साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे आणि इतर संदेश त्यावर येऊ लागतील आणि ते वाचणारे कोणी मध्ये राहणार नाही. त्या साध्या फोनवरून ##००२# हा क्रमांक लावा. कॉल दुसरीकडे वळवून ठेवले असतील तर ते बंद होतात. मग मूळ फोन वायफायपासून दूर, विमान मोडमध्ये सुरू करून त्या संदेशाचे, फाइलच्या नावाचे आणि सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीचे फोटो दुसऱ्या फोनने काढून घ्या. पोलिसांना हेच लागेल, आणि घाईघाईने फोन पुसून टाकल्यावर ते उरत नाही. असे ॲप पडद्यावरचे आपले चिन्ह बहुधा लपवते, त्यामुळे ते फक्त त्या यादीतच सापडते, कधी बिननावाचे तर कधी एखाद्या सरकारी सेवेचे नाव धारण केलेले.

पुरावा आणि घरचे फोटो बाजूला काढले, की फोन कारखान्यातून आला तसा कोरा करा. नुसते ॲप काढून टाकणे मी पुरेसे मानत नाही, कारण पहिल्या ॲपने दुसरे आणून बसवणे ही या टोळ्यांची नेहमीची रीत आहे. फोटो परत घेताना डाउनलोड आणि व्हॉट्सॲपच्या दस्तऐवजांचे फोल्डर मागे ठेवा, नाहीतर तीच फाइल पुन्हा फोनमध्ये येऊन बसेल. गुगल खात्याचा, ई-मेलचा आणि नेटबँकिंगचा पासवर्ड बदला, आणि तोही तुमच्या संगणकावरून. व्हॉट्सॲप नव्याने सुरू केल्यावर ‘लिंक केलेली डिव्हाइस’ ही यादी रिकामी करा आणि दोन टप्प्यांतील पडताळणीचा सहा आकडी पिन लावा.

येथपर्यंतचे काम एका दिवसाचे आहे. अण्णांनी ओटीपी खरोखरच कोणाला सांगितला नव्हता, हे मात्र घरातल्या सगळ्यांना समजावून सांगायला हवे, आणि त्यासाठी त्या फाइलने नेमके काय केले ते पाहावे लागेल.

चलानाची पावती पीडीएफ असते किंवा संकेतस्थळावरचे पान असते. अण्णांना आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असणार. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर बसवायचे संपूर्ण ॲप. ते उघडले म्हणजे कागद वाचला असे होत नाही, तर फोनमध्ये नवा प्रोग्राम बसवायला घेतला असे होते. अँड्रॉइड हे गुपचूप होऊ देत नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. २०१७ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून नियम असा की ज्या ॲपमधून फाइल आली, त्या ॲपला ‘अनोळखी ॲप बसवू देण्याची’ स्वतंत्र परवानगी द्यावी लागते. म्हणजे अण्णांनी प्रथम व्हॉट्सॲपला तशी परवानगी दिली. नंतर ‘बसवा’ हे बटण दाबले. फोनने बहुधा धोक्याची सूचनाही दिली असेल आणि ‘तरीही बसवा’ या शब्दांनी ती मागे पडली असेल. त्यानंतर ॲपने एसएमएस वाचण्याची, संपर्क पाहण्याची आणि कदाचित फोन करण्याची परवानगी मागितली. प्रत्येक वेळी समोर एक छोटी चौकट आली आणि तिच्यात दंडाबद्दल एक शब्दही नव्हता. सरकारी कामात दहा ठिकाणी सह्या कराव्या लागतात याची आयुष्यभर सवय असलेल्या माणसाने तेथे चार वेळा ‘अनुमती द्या’ दाबले, यात मला मूर्खपणा दिसत नाही. टोळीने नेमकी हीच सवय हेरलेली असते, म्हणून तर तिने सरकारी दंडाचे सोंग घेतले.

एसएमएस वाचण्याची परवानगी मिळाल्यावर पुढचे सगळे सोपे होते. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एक रुपयाच्या पानावर मिळालेच होते. तो रुपया घ्यायचाच नव्हता, म्हणून पान पुढे सरकले नाही. चोरांनी त्या कार्डावर खरेदी केली, बँकेने अण्णांच्या फोनवर ओटीपी पाठवला, ॲपने तो वाचून इंटरनेटवरून पुढे धाडला, आणि काही ॲपे तर तो संदेश मालकाला दिसण्याआधीच सूचना पुसून टाकतात. यूपीआयचा मार्गही असाच आहे. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना खातेदाराच्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो, आणि पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत व ओटीपी लागतो. संदेश पाठवण्याची आणि वाचण्याची परवानगी ज्याच्याकडे आहे, त्याला हे सगळे दूर बसून जमते. अण्णांच्या बाबतीत कोणता मार्ग वापरला ते खाते उताऱ्यावरून कळेल, कारण तीनही नोंदींपुढे कार्ड की यूपीआय हे लिहिलेले असते. बँकेच्या पत्रात ते नमूद करा. व्हॉट्सॲपची नोंदणीही एसएमएसने येणाऱ्या सहा आकड्यांवरच होते, म्हणून तुमच्या अण्णांच्या नावाने माजी विद्यार्थ्यांना फाइल पाठवणारा माणूस कदाचित दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात बसलेला होता. २०२४ मध्ये क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने कर्नाटक पोलिसांच्या नावाने फिरणाऱ्या अशाच चलानाच्या फाइलचा माग काढला, तेव्हा तो व्हिएतनामी टोळीपर्यंत गेला होता.

ज्या गुरुजींच्या नंबरवरून अण्णांना फाइल आली, त्यांचाही फोन याच रीतीने ताब्यात गेलेला आहे, आणि त्यांना ते अजून माहीत नसण्याची शक्यता मोठी आहे. त्यांना व्हॉट्सॲपवर कळवू नका, कारण ते कोण वाचत असेल सांगता येत नाही. साधा फोन लावा किंवा कोणाला घरी पाठवा.

आता मेहुण्यांचा मुद्दा. तो निम्मा बरोबर आहे, आणि बरोबर असलेला भाग मी आधी सांगतो. आयफोनवर ही विशिष्ट फाइल बसलीच नसती. ॲपलने भारतात ॲप बसवण्याचा मार्ग आपल्या दुकानापुरता ठेवला आहे आणि कोणत्याही बाहेरच्या ॲपला एसएमएसचा संपूर्ण संग्रह वाचू देण्याची सोयच दिलेली नाही. तुमच्याकडे पैसे असतील आणि अण्णांना नवी मांडणी शिकायचा कंटाळा नसेल, तर आयफोन घेण्यात चूक काहीच नाही. परंतु ‘खुले म्हणून असुरक्षित’ हा निष्कर्ष मला मान्य नाही, कारण त्यात खुलेपणाचे दोन वेगळे अर्थ एकत्र कालवले जातात.

अँड्रॉइडचा पायाभूत संकेत, म्हणजे त्याचा कोड, कोणालाही वाचता येतो, हा एक अर्थ. त्याने चोरांचे काम सोपे होते तितकेच दोष शोधणाऱ्या संशोधकांचेही होते, आणि २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाचा मोठा दोष उघड झाल्यानंतरच गुगलने दरमहा सुरक्षा दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याची पद्धत सुरू केली. येथे खरी अडचण निराळी आहे. दुरुस्ती गुगलने केली तरी ती फोनपर्यंत पोचवणे फोन बनवणाऱ्या कंपनीच्या हातात असते, आणि स्वस्त फोनांच्या कंपन्या दोन-तीन वर्षांत अंग काढून घेतात. अण्णांच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सुरक्षा दुरुस्तीची तारीख पाहा. ती वर्षापूर्वीची असेल आणि नवी येत नसेल, तर फोन बदलण्याचे ते रास्त कारण आहे. बदलताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघण्याआधी किती वर्षे दुरुस्त्या मिळतील ते विचारा. काही कंपन्यांनी २०२३-२४ पासून आपल्या महागड्या फोनांना सात वर्षांचे आश्वासन दिलेले आहे, आणि मधल्या किमतीच्या फोनांतही आता हा आकडा वाढतो आहे.

दुसरा अर्थ असा की अँड्रॉइडवर गुगलच्या दुकानाबाहेरूनही ॲप आणता येते. अण्णांच्या प्रकरणी वाट हीच होती. ती बंदच का करत नाहीत, असे तुम्ही विचाराल. त्या वाटेने भलेही पुष्कळ येते. एफ-ड्रॉइड हे २०१० पासून चालू असलेले भांडार तेथूनच चालते, ज्यात जाहिराती आणि हेरगिरी नसलेली मुक्त ॲपे मिळतात. एखादी संस्था स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरते ॲप वाटते, एखादा विद्यार्थी आपले पहिले ॲप मित्रांना देतो. मला स्वतःला ही वाट बंद झालेली नको आहे. अण्णांना तिची गरज नाही, एवढाच मुद्दा आहे, आणि त्यांच्या फोनपुरती ती बंद करणे तुमच्या हातात आहे.

शिवाय दुकानाच्या आत सगळे आलबेल असते असेही नाही. २०११ च्या मार्चमध्ये ड्रॉइडड्रीम नावाचा उपद्रव गुगलच्याच बाजारातल्या पन्नासाहून अधिक ॲपांत सापडला होता. २०१७ मध्ये व्हॉट्सॲपची अद्ययावत प्रत म्हणून प्ले स्टोअरवर ठेवलेले नकली ॲप दहा लाखांहून अधिक वेळा उतरवले गेले. बनवणाऱ्याचे नाव खऱ्यासारखेच दिसावे म्हणून त्याच्या शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा घातली होती. २०१९ मध्ये कॅमस्कॅनर हे तेव्हा आपल्याकडेही घरोघरी असलेले ॲप काही काळ हटवावे लागले, कारण त्यात बसवलेल्या जाहिरातींच्या एका भागातून घातक संकेत उतरत असल्याचे कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवले. ॲपलचे कुंपणही २०१५ मध्ये एक्सकोडघोस्ट नावाच्या उपद्रवाने ओलांडले होते. चिनी विकासकांनी, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांनी, ॲप घडवण्याचे साधन अधिकृत ठिकाणाऐवजी दुसरीकडून उतरवले आणि त्यातून वीचॅटसारखी ॲपे बाधित होऊन दुकानात पोचली. प्ले स्टोअरवर भरवसा ठेवावा, पण मर्यादित ठेवावा.

अँड्रॉइडवरचा एसएमएसचा पहिला ज्ञात चोर फेकप्लेयर हा होता, आणि तो २०१० मधला. रशियात तो चित्रफिती दाखवणाऱ्या ॲपच्या रूपात बसवला जाई आणि महागड्या क्रमांकांना मालकाच्या पैशाने संदेश पाठवी. तेव्हापासून आजपर्यंत चोरीचे कथानक बदलले, पण हवी असलेली परवानगी एसएमएसचीच राहिली. गुगललाही हे कळलेले आहे. २०१५ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून परवानग्या ॲप बसवताना एकगठ्ठा न मागता वापराच्या वेळी एकेक मागाव्या लागतात. २०१९ पासून प्ले स्टोअरवरच्या ॲपांना एसएमएस आणि कॉलच्या नोंदी वाचायला ठोस कारण द्यावे लागते. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीत बाहेरून आणलेल्या ॲपांना काही संवेदनशील परवानग्या सहज मिळू नयेत अशी आडकाठी आली. व्हॉट्सॲप, ब्राउझर यांसारख्या मार्गांनी आलेले आणि एसएमएस वा ॲक्सेसिबिलिटी (पडदा वाचण्याची आणि बटणे दाबण्याची सोय) मागणारे ॲप प्ले प्रोटेक्ट या गुगलच्या सुरक्षा तपासणीने आपोआप अडवावे, या उपायाची चाचणी सिंगापूरनंतर भारतात करण्याचे गुगलने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. म्हणूनच हल्लीच्या टोळ्या फाइलबरोबर ‘आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा’ अशी सूचनाही पाठवतात, किंवा फोन करून गोड आवाजात ते करवून घेतात. जो कोणी हे सांगेल तो चोर आहे, असे अण्णांना निःसंदिग्ध शब्दांत सांगून ठेवा.

गुगलने २०२५ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक पाऊल जाहीर केले. प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर बाहेरून ॲप बसवायचे तर त्याच्या विकासकाची ओळख आधी पटवलेली असली पाहिजे, आणि याची सुरुवात २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या देशांत होईल असे तेव्हा सांगितले. एफ-ड्रॉइडने यावर कडाडून टीका केली. माझे मत असे की एकच टोळी रोज नव्या नावाने फाइल काढते, तिला याने थोडा अडथळा होईल. पण ज्या देशात चोरीचा पैसा फिरवायला भाड्याने बँक खाती मिळतात, तेथे भाड्याने ओळखही मिळेल, आणि त्रास होईल तो नाव उघड न करता प्रामाणिक काम करणाऱ्या छोट्या विकासकांना. तुमच्या आजच्या निर्णयासाठी या योजनेची वाट पाहण्यात अर्थ नाही.

मेहुण्यांना एवढेही सांगा की आयफोनमुळे फाइल अडते, माणूस अडत नाही. पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारा, वीज आज रात्री तोडतो म्हणून धमकावणारा आणि पडदा दाखवायला लावणारे ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यायला सांगणारा, या सगळ्यांना फोन कोणत्या कंपनीचा आहे याने फरक पडत नाही. बटणांच्या फोनबद्दल मी याहून स्पष्ट बोलेन. निवृत्तिवेतनाची चौकशी, नातवंडांचे व्हिडिओ कॉल, जुन्या विद्यार्थ्यांचे गट हे सगळे ज्या माणसाच्या रोजच्या जगण्यात आहे, त्याच्या हातातून फोन काढून घेणे ही शिक्षा आहे, आणि चोरी करणारा तो नव्हता.

म्हणून सध्याच्या फोनला दुरुस्त्या मिळत असतील तर तोच कोरा करून वापरा आणि पुढच्या भेटीत अण्णांना शेजारी बसवून या गोष्टी त्यांच्याच हाताने करवून घ्या. सेटिंग्जमध्ये ‘अनोळखी ॲप बसवणे’ या ठिकाणी व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल मॅनेजर यांपैकी कोणालाही परवानगी नाही, हे पाहा. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट चालू आहे हे पाहा. व्हॉट्सॲपमध्ये दस्तऐवज आपोआप उतरणे बंद करा. परवानग्यांच्या यादीत एसएमएसच्या पुढे कोणकोणती ॲपे आहेत ते वाचा. तेथे संदेशांचे मूळ ॲप, फोनची स्वतःची ॲपे आणि यूपीआय किंवा बँकेचे ॲप यांखेरीज काही असेल तर काढून टाका. टॉर्चला किंवा पंचांगाला संदेश वाचायचे कारण नाही.

ॲक्सेसिबिलिटीच्या यादीकडे विशेष लक्ष द्या. ही सोय दृष्टिहीनांसाठी आणि हात न चालणाऱ्यांसाठी आहे. टॉकबॅक तिच्याच आधारे पडदा वाचून दाखवते, म्हणून ती मुळात वाईट मानू नये. पण ज्या ॲपला ती मिळते त्याला पडद्यावरचे सगळे वाचता येते आणि मालकाच्या वतीने बटणेही दाबता येतात. अनोळखी ॲपला ती देणे हे कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखे आहे. अण्णा अशी कोणतीही सेवा वापरत नसतील तर ही यादी पूर्ण बंद दिसली पाहिजे. चलानाची शंका आली तर राज्याच्या वाहतूक विभागाचे ई-चलान संकेतस्थळ किंवा प्ले स्टोअरवरचे एमपरिवहन उघडून गाडीचा क्रमांक घालून पाहायचे, संदेशातल्या कशालाही हात लावायचा नाही. हाच रिवाज लग्नपत्रिका, गॅसची जोडणी, केवायसी आणि शेतकरी योजनेच्या नावाने येणाऱ्या फाइलींनाही लागू करा, कारण सोंगे बदलतात आणि आतले ॲप तेच असते.

माजी विद्यार्थ्यांना जो संदेश गेला त्याची लाज अण्णांना सर्वांत जास्त बोचत असावी, असा माझा अंदाज आहे. त्यावर मौन हा उपाय नाही, कारण ज्यांनी फाइल अजून उघडलेली नाही ते आजही उघडू शकतात. व्हॉट्सॲप परत ताब्यात आले की त्यांनी स्वतः लिहावे: “माझ्या नंबरवरून आलेली चलानाची फाइल मी पाठवलेली नाही. ती घातक आहे. उघडली नसेल तर पुसून टाका. उघडली असेल तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा, मग मला फोन करा.” शेवटचे तीन शब्द मी मुद्दाम घातले आहेत. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला विद्यार्थ्यांचे फोन येऊ लागले, की त्याला बोलण्यासाठी तुमच्या समजावणीची गरज उरणार नाही.

राहता राहिले यूपीआय. निवृत्तिवेतन जमा होते त्या खात्याला ते पुन्हा जोडू नका. दुसऱ्या खात्यात महिन्याच्या किराणा-औषधांपुरते चार-पाच हजार ठेवा, यूपीआय फक्त त्यालाच जोडा, आणि मूळ खात्याच्या डेबिट कार्डावर बँकेच्या ॲपमधून ऑनलाइन व्यवहार बंद ठेवा. नवे कार्ड येईल तेव्हा ही सोय बहुधा बंदच असते, त्यामुळे ती कोणी आपणहून चालू करून देऊ नये, एवढे शाखेत सांगून या.